तीन डबे ज्वारी

वसमत रोडला, टायरवाल्याच्या पत्र्याला पत्रा लावून
माझं दुकान.
परभणीत आवाज बसवून मिळतो.

दैठण्याचा मुंजाजी कच्छवे जुनी इंडिका घेऊन आला,
बारा इंची वूफर मांडीवर,
दवाखान्यात लेकरू आणावं तसा.
म्हणाला, उस्ताद, असं करा
की पुढच्या गाडीवाल्याच्या छातीत वाजलं पाहिजे.

लोकांना वाटतं आवाज वूफरात असतो.
वूफर म्हणजे कागद. पुढं ढकलतो, मागं ओढतो,
आणि त्याचं मागचं बोलणं
पुढचं बोलणं खोडून टाकतं.
ही दोन तोंडं एकमेकांना दिसू नयेत
म्हणून खोका.
मी विकतो ती पोकळी. मोजलेली.
अठरा एमएमचं एमडीएफ तिचं नुसतं कुंपण.

डिकी सरळ नव्हती. सीटची पाठ कललेली,
डाव्या हाताला चाकाचा फुगवटा.
गुणाकार केला, चुकला.
पुन्हा केला, वेगळाच चुकला.
मग घरून ज्वारी आणली.

पन्नास लिटर पाहिजे होतं.
आमचा तेलाचा डबा साडेसोळाचा,
म्हणजे तीन डबे आणि वर अर्धा तांब्या.
वूफरच्या भोकातून ओतत गेलो.
माझी पट्टी जिथं पोचली नव्हती
त्या कोपऱ्यांत मालदांडी आपसूक जाऊन बसली.
तीन डबे गेले.
तांब्या हातात राहिला.
आतली आडवी पट्टी रंधून बारीक केली,
तेव्हा कुठं तोही मावला.

पाइप चार इंची, बोअरवाल्याकडचा उरलेला.
तेहतीस सेंटीमीटर पाहिजे, कापला चौतीस.
कमी करता येतं,
वाढवणं आपल्या हातात नाही.

सगळं चिकटवून, वाळवून, पस्तीसचा सूर सोडला
आणि सांध्यांवरून अगरबत्ती फिरवली.
लतीफ टायरवाला डोकावला :
आज कुणाचा दिवस हाय?
उजव्या कोपऱ्यात धूर दचकला.
तिथं बोटानं डिंक भरला.

ज्वारी घरी नेली. आईनं पोत्यात हात घातला,
म्हणाली, मूठभर कमी हाय.
आणि भुशाचा वास येतोय.

आठ दिवसांनी मुंजाजी परत.
सगळं झकास, उस्ताद,
पण एकदम खालचा सूर आला की
आत कुणीतरी दात खायलंय.
वूफर उचलला. डिंकाच्या ओघळाला अडलेले
दाणे. त्यानंच वेचले, तळहातावर मोजले.
नऊ.
शर्टाच्या खिशात टाकले, का कुणास ठाऊक,
आणि पुढच्या आठवड्यात देतो म्हणून
दोनशे रुपये ठेवून गेला.

गाडी उड्डाणपुलाकडं वळली
तरी दुकानाचा पत्रा थरथरत होता.
मी मूठ उघडत होतो, मिटत होतो.
आईची मूठ माझ्यापेक्षा लहान आहे,
हे धरूनसुद्धा
नऊ दाण्यांत ती भरत नाही.