तिसरी जुडी

भिशीचे अकरा हजार मी उडवले,
हे चर्चच्या शेवटच्या बाकापर्यंत पोचलं होतं.
दोन रविवार मी तिकडे फिरकलो नाही.

एस्तेरमावशी उंबऱ्यात, मांडीवर सूप,
ओल्या तेंदूपानावर पत्र्याचं माप, कात्री.
पंचवीस विड्यांची जुडी,
जुडीमागे एक नाव.
दोरा गुंडाळता गुंडाळता
ती ते देवाच्या कानावर घालते.

"माझं काढलं असशील," म्हणालो.
"बस. तिसरी जुडी तुझीच.
तुला कावीळ झाली तेव्हापासून.
छाट काढणं चेकरचं काम,
वाकडी दिसली की फेकतो.
मला कुणी नेमलंय त्यावर?"

मग डोळे न मिटताच तिनं मागितलं,
पैसे नाही, माफीही नाही:
"ह्याला उद्या रोझलीनच्या दारापर्यंत
चालू दे, बापा. एवढंच."

सोलापूरचं ऊन पत्र्यावर तडतडत होतं.
मी कात्री उचलली.
सात पानं कापली, तीन वेडीवाकडी.
तिनं तीही सुपात ओढली.

रोझलीनची कडी अजून वाजवलेली नाही.
शास्त्रीनगरच्या वळणावर उभा आहे,
खिशात पहिले आठशे,
शर्टाला तंबाखूचा वास.
आता ती तिसऱ्या जुडीवर आली असेल.