सक्षम जामीनदार

माझ्या डायरीत सतरा मार्चच्या पानावर
सोनिराम भोयेच्या नावापुढे मीच लिहिलंय :
जामीन मंजूर. निकाली.
खाली दोन रेघा.
त्या दिवशी सीबीएसमागच्या टपरीवर
मी लागोपाठ दोन चहा प्यायले, खुशीत.

विधी सेवेच्या पॅनलवरचं काम.
मानधन केव्हा येईल
ते अकाउंटवाल्या बाईंनाही सांगता येत नाही.
बाररूममध्ये शेजारचे घैसास म्हणतात,
"फुकटची केस ना? मग एवढं काय वाचताय?"
आणि हसतात, वाईट मनाने नाही.
त्यांच्याही तिघा ज्युनिअरना दिवाळीपासून
फक्त अनुभव मिळतो आहे.

मग एप्रिल. काळ्या कोटाच्या आत
पाठीवर घामाचे नकाशे. सर्व्हर बंद.
एक घटस्फोट, दोन चेक बाऊन्स,
आणि पंचवटीतल्या एका भिंतीवरून
तीस वर्षं भांडणारे सख्खे भाऊ.
भिंत परवा पडली. दावा उभा आहे.

त्यातच नाशिकरोडच्या तुरुंगातून यादी आली.
कागद वहीतला फाडलेला,
अक्षर मात्र शाळेच्या फळ्यावर शोभेल असं.
लिहिणारा जन्मठेपेचा कैदी,
आत विधी सहायक झालेला.
'जामीन होऊनही न सुटलेले.'
अकरा नावं.
चौथं सोनिराम.

पंधरा हजारांचा जातमुचलका
व तेवढ्याच रकमेचा एक सक्षम जामीनदार.
हे वाक्य मी किती कोर्टांत मोठ्याने वाचलंय,
त्यातला 'सक्षम' कधी ऐकला नव्हता.

पाथर्डी फाट्यावर नव्या इमारतीची राखण करायचा.
तांब्याची वायर गेली,
आणि सगळ्यांत जवळ तोच झोपलेला.
बाप तिकडे सुरगाण्यात,
डोंगराच्या पोटाशी नागली-वरई पिकवतो.
सातबारा? जमीन वनखात्याची, हक्काचा दावा पडून.
म्हणजे एका कायद्याने अजून जमीन दिली नाही,
म्हणून दुसऱ्या कायद्याला
त्याचा बाप पुरत नाही.

भाड्याने जामीनदार मिळतो म्हणे,
सातबारा, आधार कार्ड
आणि पाठ केलेल्या नात्यासकट.
मी दर विचारला.
विचारून परत आले, इतकंच सांगते.

ज्युनिअर मृण्मयीने नवं ॲप दाखवलं.
दहा सेकंदांत तीन पानांचा अर्ज,
कलमं बिनचूक, भाषा इस्त्री केलेली.
त्यात फक्त नागली नव्हती.
मी हाताने पुन्हा लिहायला घेतला.

सुनावणीला तो पडद्यावर आला.
ओठ हलत होते, आवाज नव्हता.
"ऐकू येतंय का?" न्यायाधीशांनी विचारलं.
तो मान हलवत राहिला,
ऐकू येतं म्हणून की सवय म्हणून, कोण जाणे.
मग त्या माझ्याकडे वळल्या :
"त्रेचाळीस दिवस झाले.
तुम्ही कुठे होता, वकीलबाई?"

उलटतपासणीत मी एरवी अडखळत नाही.

अट शिथिल झाली. नुसत्या जातमुचलक्यावर सुटका.
संध्याकाळी तुरुंगाच्या दाराशी तो उभा,
हातात कापडाच्या दुकानाची पिशवी,
त्यात एक शर्ट आणि माझ्याच सहीचे कागद.
सुरगाण्याची शेवटची गाडी गेलेली.
सुटल्या माणसाने पहिलं विचारलं ते हे,
"ताई, पुढली तारीख कधी?"

सांगितली. त्याने तोंडातल्या तोंडात दोनदा घोकली.
माझ्या पर्समध्ये यादी होती, दहा नावं बाकी.
'निकाली' मी तिथेच, रिक्षाच्या टपावर डायरी ठेवून,
खोडलं. शाई पलीकडच्या पानावर उतरली.

रिक्षात बसताना तो म्हणाला,
"वायर मी नाय घेतली."

हे त्याला आजवर कुणी विचारलंच नव्हतं.
मीसुद्धा.