थेट गाडी

भिंतीतल्या कपाटाची खालची फळी काढून
आत्याला आत बसवलं, गुडघे बाहेर.
डोक्यावर गोधडी, समोर माईक,
पंखा बंद, खिडकी बंद,
चरईतला मे महिना.
"विमानात एवढं उकडतं का रे?"
नाही गं. आवाज घुमू नये म्हणून.

फुकटात मिळालेली एक बाई होती आधी,
सिंधुदुर्गला सिंड-हू-डर्ग म्हणायची.
रात्री साडेदहाला, वागळे इस्टेटचा हिशेब मिटवून,
शिलाई मशीनच्या टेबलाला आवळलेला थ्रॉटल ढकलून
मी एकशे ऐंशी माणसं वर न्यायचो,
आणि ती बाई त्यांना
त्यांच्याच गावाचं नाव चुकीचं सांगायची.
एकानेही कधी तक्रार केली नाही.
मलाच लाज वाटायची.

आत्या एकतीस वर्षं खोपटच्या एस.टी. स्टँडवर
काचेच्या खोलीतून बोलली.
शाळा सुटली की मी तिच्या टेबलाखाली,
पाठकोऱ्या वेळापत्रकांवर विमानं काढत.
विमानात ती कधी बसली नाही.
काढलेली मात्र सगळी तपासायची,
"याला दार कुठेय?"

चष्मा लावून तिने माझा कागद वाचला.
पट्टे बांधा, खुर्ची सरळ करा, धूम्रपान करू नका.
उलटून मागे पाहिलं. मागे कोरं.
"ही गाडी कुठे कुठे थांबते?"
कुठेच नाही. मुंबई ते चिपी. थेट.
"मग मी बोलू काय?"

आणि मग, कागद बाजूला ठेवून, एका श्वासात:
पनवेल, पेण, वडखळ, नागोठणे, कोलाड,
माणगाव, महाड, पोलादपूर...
खेडपाशी खोकली. पाणी प्यायली.
पुन्हा पनवेलपासून.
मधून सुरू करता येत नाही म्हणाली.

दोन रात्री गेल्या मला ते कापायला.
एकेका गावाची एकेक फाइल,
एकेका फाइलला अक्षांश, रेखांश.
विमान समुद्रावरून जायचं, गावं राहायची डावीकडे,
शेवटी मार्गच वाकवला.
आता माझं विमान हायवे धरून जातं.
कोलाड ते माणगाव दोन मिनिटं.
तिला स्टँडवर चहा प्यायला तेवढी मिळायची.

आवाज फार स्वच्छ आला होता.
कपाटातली डांबराची गोळीसुद्धा ऐकू येईल असा.
विमानातल्या छोट्या स्पीकरचा वाटावा म्हणून
तीनशेच्या खालचं सगळं कापलं,
साडेतीन हजारांच्या वरचंही.
थोडी खरखर घातली. बटण दाबलं.

आणि मी टेबलाखाली होतो.
वर तिच्या चपला, एक अंगठ्यातून सुटलेली,
बाहेर डिझेलचा वास,
कुणीतरी कुणाला तरी ओरडून सांगतंय,
बॅग घे, बॅग.
खरखर कमी करायची होती मला,
एवढी लागत नाही.
राहू दिली.

काल पहिली फेरी.
पट्ट्यांचा दिवा लागला, आत्या बोलली.
दहा हजार फुटांवर बोलली.
पेण बरोबर पेणवर.
संगमेश्वरला शेजारच्या कुकरची शिट्टी,
ती माझ्या नजरेतून सुटलेली.
कणकवली, कुडाळ, आणि चिपीची धावपट्टी
जराशी तिरकी, पण लागली.
इंजिनं थांबली.

आणि काहीच नाही.
दार उघडल्याची फाइल वाजेना.
नावात एक जागा जास्त पडली होती, हे आज कळलं.
काल मात्र रात्री सव्वाबाराला
एकशे ऐंशी माणसं हातात बॅगा घेऊन उभी,
मी कीबोर्डवर वाकलेला,
आणि आतल्या खोलीचं दार करकरलं.

केस सुटलेले, हातात तांब्या.
पडद्याकडे पाहिलं तिने, मग माझ्याकडे.
"पोहोचली ना गाडी?"
पोहोचली.
"मग उतरव की त्यांना."
आणि स्वयंपाकघराकडे जाताजाता,
माईकशिवाय, कुणालाच न बघता,
"छत्र्या, डबे पाहून घ्या.
सावकाश."