दुभाष्याची नोंद

वीस वर्षं मी तिची वाक्यं
इंग्रजीतून फांटीत नेली, फांटीतली तिच्याकडे आणली,
काठोकाठ भरलेलं पातेलं
एका ओट्यावरून दुसऱ्यावर न्यावं तशी.
थोडं सांडायचंच.
तिला ते कळायचं. थांबायची, माझ्याकडे बघायची,
आणि तेच जरा सोपं करून पुन्हा म्हणायची.

लॉयर अराबा बायदू.
आमच्या सेकोंदीत वकिलाच्या नावाआधी लॉयर लावतात.
मासळीवाल्या मात्र नुसतंच अराबा म्हणायच्या
आणि फीऐवजी धुरी दिलेली मासळी
वर्तमानपत्रात गुंडाळून टेबलावर ठेवून जायच्या.
तिच्या फायलींना वास यायचा.
एकदा न्यायमूर्ती म्हणाले,
या अर्जदाराचा व्यवसाय वाचायची गरज नाही.

रक्तात विळे होते तिच्या.
सिकलसेल. पेशी वाकायच्या, अडकायच्या,
आणि मांडीच्या हाडातून कुणीतरी
रात्रभर खिळे उपटत बसायचं.
हे तिनंच सांगितलं, एकदाच,
कोर्टामागे नारळपाणी पिताना, हसत.
जन्मली तेव्हा डॉक्टर आईला म्हणाले होते,
बारा वर्षं, फार तर.
त्या तारखेला ती हजर राहिली नाही.
नंतरच्याही नाही.
सेहेचाळीसपर्यंत मुदत वाढवून मागत राहिली.
कुणाकडे, ते मला भाषांतराला दिलं नाही.

थंडी सोसायची नाही तिला.
बाहेर बंदर तापलेलं,
आणि ही काळ्या झग्याखाली लोकरीचे मोजे घालून.
कोर्टात एसी बसला त्याच आठवड्यात
युक्तिवादाच्या मध्येच तिनं टेबलाची कड धरली.
नखं करडी पडली. वाक्य मात्र पुरं केलं.
मला ते पुरं करता आलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून
ती दारात दिसली की बेलिफ क्वामिना
उठून एसी बंद करायचा.
हुकूम कुणी दिला नव्हता.
न्यायमूर्ती, आरोपी, सरकारी वकील
सगळे निथळायचे.
ती माझ्या कानाशी म्हणायची,
बघ, कायद्यापुढे सारखे.

एकुआच्या भट्टीची केस नऊ वर्षं चालली.
नवरा गेला, दिरानं परस्पर जागा विकली.
दीर धडधडीत खोटं बोलत होता,
अख्ख्या बंदराला ठाऊक.
अराबा उठली. म्हणाली,
साक्षीदाराला हे वेगळं आठवतं आहे.
मी फांटीत सांगितलं.
खोटारडा म्हटलं असतं तर तो भांडला असता.
त्यानं मान खाली घातली.
जागा अर्धीच परत मिळाली.
त्या अर्ध्यात आज तीन भट्ट्या धुमसतात.

संत वगैरे नव्हती.
उसनं घेतलेलं पेन परत करायची नाही,
अक्षर कोंबडीच्या पायांचं,
आणि फार दुखत असलं की माझ्यावरच खेकसायची,
पुटपुटू नकोस, शब्दाला कणा असतो.
संध्याकाळी फोन. माफी नाही,
जेवलास का, एवढंच.

जानेवारीत वाळवंटाकडून कोरडा वारा आला,
ओठ फुटले, समुद्र धुळीत दिसेनासा झाला.
त्यात गेली.

श्रद्धांजलीला कोर्ट भरलं.
वकील बोलले, न्यायमूर्ती बोलले,
चांगलं इंग्रजी, काही सांडलं नाही.
मग मागच्या बाकावरून
परवानगी न मागता एकुआ उठली
आणि एकच शब्द म्हणाली.
दुए.

न्यायमूर्तींनी माझ्याकडे पाहिलं.
आमच्याकडे ज्याचं माणूस जातं त्याला हा शब्द देतात,
दुखणं सोसतो त्यालाही.
वाईट वाटतं, असा त्याचा अर्थ शब्दकोशात आहे.
तेवढा अर्थ मी अराबासमोर कधी ठेवला नसता.
मी थांबलो. सवयीनं. तिच्या बाकाकडे बघत,
की आता ती सोपं करून सांगेल.

एसी बंद होता.
क्वामिनाच्या कपाळावरून घाम ओघळत होता.

जसंच्या तसं लिहा, मी म्हणालो.
टंकलेखिकेनं इंग्रजी अक्षरं विचारली.
मी तीन सांगितली.
वर्षांनी कुणी ही नोंद उघडेल,
इंग्रजीच समजून वाचेल
आणि त्याला अर्थ लागेल, देणं बाकी.

मी दुरुस्ती सुचवली नाही.