मूळ

घणसोली गावात, जिन्याखालच्या स्टुडिओत
आम्हा तिघांत एकच डिस्क.
चांगुणाबायचा धवला तिच्यात एकदाच ठेवलाय,
'मूळ' नावाच्या फोल्डरात,
पंख्याच्या घरघरीसकट.
दुसरा टेक व्हायचा नाही आता.

बाकी सगळीकडे नुसते बाण.
हरेशच्या हळदीच्या रिमिक्समध्ये,
माझ्या संथ, कुणी न ऐकलेल्या चालीत,
आणि प्रीतमचे बारा अर्धवट प्रयोग धरले तर
म्हातारी एक, दारं चौदा.

काल प्रीतमने आवराआवर केली.
'मूळ'चं नाव 'जुनं' ठेवलं, एवढंच.
चौदाच्या चौदा नावं लाल.
पत्ता शाबूत, आत कोणी नाही.

हरेश ओरडेल वाटलं होतं.
तो खुर्चीत मागे रेलला, म्हणाला,
"आज्याचा सातबारा असाच आहे रे.
सर्व्हे नंबर बरोबर बोट दाखवतो.
बोटाच्या टोकाला पार्किंग."

मी 'जुनं' खोडलं,
'मूळ' लिहिलं,
र्‍हस्व-दीर्घ दोनदा तपासून.

हेडफोनात आधी पंखा आला.
मग बांगड्या. मग खाकरणं.
मग, गाण्याच्या आधी, जे आम्ही
प्रत्येक वेळी कापून टाकतो, ते:
"चालू झाला का रं तुजा?"