पांढरी पाचच्या जरा वर

लाखांदूरचा क्लास आधी पाहिला.
भिंतीवर काचेमागे अठरा सर्टिफिकेटं,
एका सतरंजीवर बावीस पोरं,
आणि सर मोबाईलवर बोट फिरवत म्हणाले,
तीन महिन्यांत गाणं बसवून देतो,
गॅदरिंगला उभी राहील तुमची पोरगी.
फी आगाऊ दिली.
गाणं बसलं.
मोनाली मात्र पेटीपुढून उठली ती उठलीच.

मी वायरमन.
खांबावर चढायला शिकवलं ते गोमा मिस्त्रीनं,
त्यानं पहिला पंधरवडा मला वर जाऊच दिलं नाही.
खाली उभा राहून नुसता पाहत होतो,
त्याचा पाय कुठे पडतो, कुठे तो श्वास सोडतो.
हे आठवलं,
तेव्हा मास्तर शोधायला निघालो
जसा फॉल्ट शोधतात तसा,
खांबाखांबाला थांबत.

दिघोरीत डोमाजी लांजेवार.
मंडईच्या नाटकांत तीस वर्षं ऑर्गनवर बसलेले,
आता एका डोळ्यात मोतीबिंदू.
अंगणात धान वाळत घातलेला,
कोंबड्या हाकता हाकता म्हणाले,
"वाजवून नको दाखवू, बाई.
तुले काय काय आयकू येते, ते सांग."

मोनाली गप्प.
मग हळूच, "घरामागची डीपी. रातभर."
मला लाज वाटली.
ते हसले नाहीत. चपला घातल्या,
आम्हाला घेऊन गेले त्यांच्या गावच्या डीपीखाली,
डोळे मिटून उभे राहिले,
तोच हुंकार ओठांत धरून घरी आले
आणि पेटीवर पांढरी पाच दाबली.
"हे खाली पडते."
काळी चार.
"हे वर जाते.
तिचा सूर या दोघीच्या मधात हाये.
माह्या पेटीत नाही तो."

माझ्याजवळ नाही, असं म्हणणारा
शिकवणारा माणूस मी पहिल्यांदा पाहत होतो.

शनिवार-रविवार. ती एकटीच. एक तास.
महिन्याचे चारशे, नवा तांदूळ निघाला की दोन पायल्या.
शेजारचे म्हणाले, एवढ्यात गणिताची ट्युशन झाली असती.
झाली असती.

पहिला महिना एकच पट्टी आणि भाता.
हवा एकसारखी आली पाहिजे, बाकीचं मागून येते.
ती चुकली की ते बोलत नसत,
कोंबड्यांकडे पाहत बसत,
तोवर ती स्वतःच मागे जाऊन
चुकलेली जागा हुडकून आणायची.
बावीस पोरांत
कुणाची चूक कुणाची, कळतं का?
इथे तिची चूक तिची होती,
आणि तिला वाट पाहणारं कुणीतरी होतं.

दिवाळीत त्यांनी एक चिठ्ठी दिली.
नागपूरच्या कुण्या बाईंचा पत्ता.
"दोन वर्सांत माह्याजवळचं सरते.
तवा शोधत बसू नका, आत्ताच ठेवा."
लायसनच्या पाकिटात आहे ती, घडी उलगडलेली नाही.

काल रात्री फ्यूज उडाला.
हँडल खाली ओढलं, गाव काळोखात गेलं,
डीपी थांबली.
आणि घराच्या मागच्या खिडकीतून
तोच सूर चालू राहिला,
दोन पट्ट्यांच्या मधला.

तार बांधून हँडल वर केलं
तेव्हा डीपी तिच्यात मिसळली
की ती डीपीत,
बॅटरी विझवून तिथेच उभा राहिलो.
सरपंचाचा फोन आला, लाईट आली का?
आली, म्हटलं.