गणपूर्ती

कायद्यात पंधरा खुर्च्या आहेत.
पाच गव्हर्नरच्या मर्जीतल्या,
चार विधिमंडळाच्या, दोन्ही पक्षांना सारख्या वाटून,
मग एक शेरीफ, एक न्यायाधीश, एक शाळेतलं माणूस,
एक आरक्षित भूमीवरचं,
एक, ज्याच्या घरात गुन्हा घडून गेलाय असं,
आणि कलम चार, पोटकलम ‘ड’प्रमाणे
एक सामान्य नागरिक.

ती खुर्ची चौदा महिने रिकामी आहे.
अर्ज येतात.
छाननीत कुणी सामान्य उरत नाही.

मी इतिवृत्त लिहिते. मला मत नाही.
माझं नाव शेवटच्या पानावर, तारखेखाली:
लोर्ना व्हेस्टरगार्ड, सचिव.

पियर, साउथ डकोटा. जानेवारीतला तिसरा मंगळवार.
खिडकीबाहेर मिझूरी गोठलेली,
आत रेडिएटर ठणठणत होता,
कुणी पाइपात अडकून ठोकत असल्यासारखा.
पाचामुखी परमेश्वर म्हणतात,
आमच्या कायद्याला आठ मुखं लागतात.
सात आली होती.
आठवी, मार्व्हेल आयर्न क्लाउड,
ईगल ब्यूटहून पहाटेच निघालेली,
आणि रस्ते बंद झाल्याची पट्टी टीव्हीवर सरकत होती.

अध्यक्ष म्हणाले, गणपूर्ती नाही, म्हणजे बैठक नाही.
बैठक नाही म्हणजे मीही नाही.
मी पेनाला टोपण लावलं.
न्यायमूर्ती हॅगेमोबाईंनी पिशवीतून विणकाम काढलं,
अर्धा हिरवा मोजा.

आणि काही लिहिलं जात नाही म्हटल्यावर
शेरीफ टेस्डाल बोलायला लागला.
नऊ वर्षांत त्याच्या तोंडचं मी
‘अनुमोदन’ एवढंच टिपलं होतं.

म्हणाला, नाताळाच्या आधी
धान्यकोठाराच्या मागून एका पोरानं गॅसची टाकी नेली.
सोळा वर्षांचं पोर. उचलवेना, म्हणून ओढत नेली.
बर्फात रेघ, कोठारापासून थेट त्याच्या दारापर्यंत.
इतका सोपा तपास मी जन्मात केला नव्हता.
आत आई, अंगात तीन कोट,
आणि तिसऱ्या कोटाच्या आत एक तान्हं.
पोराला मी गाडीत बसवलं, कारण रेघ होती.
टाकीही घेऊन आलो,
कारण ती पुरावा होती.

सुया थांबल्या.
रेडिएटरसुद्धा, की मलाच ऐकू येईना.
समोरच्या कागदावर विषय तिसरा:
धान्यकोठारांना कुलुपं, जिल्हावार अनुदान.
सुचवणारा: शेरीफ टेस्डाल.

चार वाजून दहा मिनिटांनी मार्व्हेल आली,
बर्फ लोटणाऱ्या यंत्राच्या मागे मागे, ताशी पंधरा मैलांनी.
भुवयांवर दहिवर. मी पेन उघडलं.
हजर आठ. गणपूर्ती झाली.
विषय पहिला, मागील इतिवृत्त, मंजूर.
विषय दुसरा, प्रवासभत्ता, मंजूर, एकमतानं.
विषय तिसरा.
अध्यक्षांनी शेरीफकडे पाहिलं,
शेरीफनं स्वतःच्या बुटांकडे.
मार्व्हेल म्हणाली, काय झालंय इथे?
आणि कुणालाच सांगता येईना,
कारण झालेलं कुठेच नव्हतं.

आम्ही नुसता सल्ला देतो. शहाण्याला शब्दाचा मार म्हणतात,
पण शब्द कागदावर यावा लागतो आधी.
मी लिहिलं:
‘विषय ३. प्रस्ताव मांडला गेला नाही. पुढील बैठकीत.’

मग समासात, वरून खालपर्यंत,
पेन्सिलीनं एक रेघ ओढली, जरा वाकडी,
जड काही ओढत नेल्यासारखी.
कुणी विचारलंच, तर सांगेन,
हात घसरला.